द्राक्षपट्ट्यातील शांत रस्ते : सायकल पर्यटनाचे अर्थकारण

ग्रामीण रस्त्याचा लाभ मोजण्याची रूढ पद्धत वाहनांच्या संख्येवर आधारलेली आहे. वर्दळ जितकी अधिक तितका रस्ता उपयुक्त, असे गृहीत धरले जाते. सायकलवरून प्रवास करणाऱ्या पर्यटकाच्या बाबतीत हे गणित उलटे होते. त्याला हवी असते ती वाहनांची अनुपस्थितीच. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी आणि निफाड या तालुक्यांत द्राक्षबागांमधून आणि नदीकाठांनी जाणारे अरुंद डांबरी रस्ते या दृष्टीने पाहिले, तर वाहतुकीच्या तक्त्यात कमी दिसणारा आकडा हीच त्यांची संपत्ती ठरते. ही संपत्ती कोणाची, तिचे उत्पन्न कोणाच्या हाती जाते आणि ती किती काळ टिकेल, हे प्रश्न ग्रामीण विकासाच्या अभ्यासकाला टाळता येणारे नाहीत.

रस्ते कोणी बांधले?

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. सपाट प्रदेशातील ५०० आणि डोंगरी व आदिवासी भागांतील २५० लोकवस्तीची गावे बारमाही रस्त्याने जोडणे हे तिचे मूळ उद्दिष्ट होते. अशा रस्त्याची डांबरी रुंदी साधारणतः ३.७५ मीटर असते. दिवसाला १०० पेक्षा कमी मोटार वाहने अपेक्षित असतील तर ती ३ मीटरही पुरेशी मानली जाते. म्हणजे समोरून ट्रॅक्टर आला की एकाने कडेला उतरावे लागते. सायकलस्वाराला यात अडचण वाटत नाही, कारण अरुंद रस्त्यावर वाहनांचा वेग आपोआप आवरला जातो.

या योजनेच्या निधीचा मोठा स्रोत केंद्रीय रस्ते निधी अधिनियम, २००० अन्वये वर्ग होणारा डिझेलवरील उपकर हा होता. इंधनाचा थेंबही न जाळणारा प्रवासी या रस्त्याचा आनंद घेतो आणि त्याचा खर्च मालमोटारींच्या टाकीतून वसूल होतो. सार्वजनिक वित्ताच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावा असा हा विरोधाभास आहे. अर्थात, रस्ता पर्यटकासाठी बांधलेला नव्हता. तो बाजार समिती, शाळा आणि दवाखान्यासाठी होता. पर्यटन हा त्याचा आनुषंगिक लाभ, म्हणजेच अर्थशास्त्राच्या परिभाषेत धन बाह्यता होय.

नदी, पाट आणि बाग

ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी त्र्यंबकेश्वरहून गंगापूर धरणात येते आणि नाशिक शहर ओलांडून पूर्वेकडे निफाड तालुक्यात शिरते. दिंडोरीच्या डोंगरांतून येणारी कादवा तिला नांदूर मध्यमेश्वर येथे मिळते. नदीखोऱ्यातील रस्त्याला तीव्र चढ नसतो, हे सायकलपटूंचे जगभरचे निरीक्षण येथेही खरे ठरते. पश्चिमेला सह्याद्रीच्या बाजूस चढउतार आहेत. पूर्वेकडे जमीन जवळपास सपाट होत जाते.

कादवेच्या खोऱ्यातील करंजवण, पालखेड, वाघाड या धरणांमुळे येथे बागायत उभी राहिली. वाघाड प्रकल्पाचे महत्त्व वेगळे आहे. ओझर परिसरातील शेतकऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी पाणीवापर संस्था स्थापन केल्या आणि पुढे संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थेकडे आले. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ या कायद्यामागे अशा अनुभवांचे पाठबळ होते. पाटाच्या कडेने सायकल चालवणाऱ्याला दिसते ती हिरवाई; ती पाण्याच्या सामुदायिक हिशेबावर उभी आहे, हे त्याला सहसा सांगितले जात नाही.

कादवा-गोदावरी संगमावरील बंधाऱ्यामागे गाळ साचून विस्तीर्ण पाणथळ तयार झाले. १९८६ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. नाशिकहून सुमारे ४० किलोमीटर अंतरावरील हे स्थळ सायकलने एका दिवसात पाहून परतण्याजोगे आहे.

द्राक्षशेतीची जोखीम

द्राक्षपट्टा म्हटले की शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर वाइन येते. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले, विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभारले आणि गंगापूर धरणाच्या परिसरात वाइन पर्यटन रुजले, हे खरे. परंतु नाशिकच्या द्राक्षक्षेत्रात वाइनच्या वाणांचा वाटा अल्प आहे. बहुतेक बागा थॉमसन सीडलेस, सोनाका, शरद यांसारख्या खाण्याच्या द्राक्षांच्या आहेत. युरोपकडे निघालेल्या पेटीचा माग थेट बागेपर्यंत काढता यावा यासाठी २००६-०७ पासून ग्रेपनेट ही संगणकीय प्रणाली राबवली गेली. तीही खाण्याच्या द्राक्षांसाठीच.

या शेतीचे वेळापत्रक कडक असते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी आणि जानेवारी ते एप्रिल या काळात काढणी. वर्षभर खर्च, उत्पन्न मात्र तीनचार महिन्यांत. गोडी छाटणीनंतर फुलोऱ्यात पाऊस झाला तर घड कुजतात. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अवकाळी पावसाने नाशिकच्या बागांची जी हानी केली, ती अनेक कुटुंबांना कर्जात लोटणारी ठरली. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा गोठणबिंदूकडे झुकू लागला की बागेत शेकोट्या पेटवण्याची वेळ येते. अशा कुटुंबाला पावसाशी आणि निर्यातीच्या दराशी संबंध नसलेले दुसरे उत्पन्न हवे असते. पर्यटनाचे खरे समर्थन येथे आहे; निसर्गसौंदर्य हे त्यानंतरचे.

तथापि, हे उत्पन्न फुकट येत नाही. सायकलस्वारांचा आवडता हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी आणि बागेतील मजुरीचा कळसही त्याच काळात. छाटणी, विरळणी आणि घड संजीवकात बुडवण्याच्या कामांसाठी पेठ व सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून मजूर येतात, तरीही हात अपुरे पडतात. पाहुण्याचा स्वयंपाक जी गृहिणी करणार, तीच बागेतल्या कामावरही देखरेख करीत असते. तिच्या वेळेचा पर्यायी खर्च प्रकल्प अहवालांत शून्य धरला जातो, ही गंभीर त्रुटी होय. जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत बागेतील काम तुलनेने हलके असते. दिंडोरीच्या पश्चिम भागात तेव्हा पाऊस जोरात असला, तरी निफाड पर्जन्यछायेत येते आणि तेथील रस्ते बहुतेक दिवस सायकलीस योग्य असतात. पाहुण्यांचा हंगाम श्रावण-भाद्रपदात सरकवता आला तर श्रमाची ही ओढाताण कमी होईल.

मुक्कामाचे मोल

युरोपातील अनुभव यासंदर्भात बोलका आहे. फ्रान्समध्ये लुआर नदीच्या काठाने, द्राक्षमळ्यांतून सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग आखलेला आहे. बर्गंडीत बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर १९९७ मध्ये सायकलवाट खुली झाली. युरोपीय संसदेसाठी २०१२ मध्ये झालेल्या अभ्यासात युरोपातील सायकल पर्यटनाच्या सुमारे २३० कोटी सहली आणि त्यांतून वर्षाला ४४ अब्ज युरोंची उलाढाल अंदाजली गेली. या सहलींपैकी मुक्कामी सहली केवळ दोन कोटींच्या घरात, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी होत्या; पण उलाढालीतील सुमारे नऊ अब्ज युरो, म्हणजे एक पंचमांश हिस्सा त्यांच्याकडून आला. एकदिवसीय प्रवासी सरासरी १५ युरो खर्च करतो, मुक्कामी प्रवासी ४०० हून अधिक.

नाशिकच्या शांत रस्त्यांवर शनिवार-रविवारी येणारा प्रवासी प्रामुख्याने एकदिवसीय आहे. पहाटे निघून मिसळ खाऊन दुपारपर्यंत घरी परतणे हा त्याचा शिरस्ता. त्याचा खर्च हॉटेलच्या गल्ल्यात जातो, बागाइतदाराकडे नाही. शिवाय सायकलस्वार ओझे नेऊ शकत नाही. द्राक्षाची पेटी त्याच्या उपयोगाची नसते, बेदाण्याची पुडी फार तर खिशात मावते. त्याचा पैसा गावात राहायचा तर तो जेवण आणि मुक्काम यांतूनच. मोटारीने येणारा पर्यटक अधिक खर्च करतो हे मान्य. पण त्याचा खर्च मोठ्या रिसॉर्टमार्फत गावाबाहेर वाहून जातो. अर्थशास्त्रात यास गळती म्हणतात. गळती जितकी अधिक, स्थानिक गुणक तितका क्षीण. महाराष्ट्राच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाने शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची सोय करून दिली, ती या दृष्टीने योग्य दिशेची आहे.

मागणीची वानवा नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी २०१७ मध्ये एकट्याने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही खडतर शर्यत पूर्ण केली. तेव्हापासून शहरातील सायकल चळवळीला वेगळाच हुरूप आला. परंतु सायकल ही केवळ हौशी लोकांची वस्तू नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. बिहारने २००६ मध्ये शाळकरी मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली, तेव्हा माध्यमिक शाळेतील त्यांची वयानुरूप नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे मुरलीधरन व प्रकाश यांच्या अभ्यासात आढळले. छत्तीसगडची सरस्वती सायकल योजनाही याच धर्तीची. शांत रस्ता पर्यटकाला आल्हाददायक, तर नववीतील मुलीला सुरक्षित हवा असतो. दोघांच्या गरजा एकाच पट्टीने मोजता येत नाहीत, पण रस्ता एकच लागतो.

द्राक्षबागाच हव्यात असेही नाही. रायपूरच्या शंकर नगरसारख्या वस्तीतून पहाटे निघालेला सायकलस्वार भातशेतीच्या प्रदेशातून सुमारे ४५ किलोमीटरवर राजिमला पोहोचतो. तेथे महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा संगम व राजीवलोचन मंदिर आहे. महानदीच्याच काठी पुढे सिरपूरचे विटांचे लक्ष्मण मंदिर. नदीचे खोरे, अल्प वर्दळ आणि मुक्कामी थांबण्याजोगे कारण ही तिन्ही सूत्रे तेथेही जुळतात. उणीव आहे ती गावातील निवासाची.

शांततेची मर्यादा

कोणताही मार्ग लोकप्रिय झाला की तेथे मोटारी येतात, बागा मोडून बिनशेती भूखंड पडतात आणि रस्ता रुंद करण्याची मागणी होते. सामायिक साधनसंपत्तीचा ऱ्हास होतो तो याच क्रमाने. रुंदीकरण शेतकऱ्यालाही हवे असते, कारण द्राक्षाचा ट्रक बागेपर्यंत आला पाहिजे; त्याला नकार देण्याचा अधिकार शहरी सायकलस्वाराला पोहोचत नाही. मार्ग निघतो तो वाहतूक विभागण्यात : मालवाहतुकीसाठी मोजके रस्ते रुंद करावेत आणि पाटाकडेचे, नदीकाठचे रस्ते अरुंद ठेवून तेथे वेगमर्यादा व दिशाफलक लावावेत. फलकांचा खर्च रुंदीकरणाच्या तुलनेत नगण्य असतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना मागे परावर्तक पट्ट्या नसणे हा या रस्त्यांवरील सर्वांत मोठा धोका आहे आणि त्यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. सकाळच्या प्रहरी बागांत औषधफवारणी चालते. त्या वेळापत्रकाची माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली, तर पाहुणा आणि बागाइतदार यांच्यातील निम्मे खटके टळतील.