गोमाहात्म्य

हिंदूंच्या धर्मश्रद्धेत व आचारात गायीला प्राप्त झालेले पावित्र्य. गायीला माता मानणे, तिचा वध हे घोर पाप समजणे, तिच्या दानाने परलोक साधतो असे मानणे आणि तिच्यापासून मिळणारे पदार्थ शुद्धिकारक मानणे या त्यातील प्रमुख गोष्टी होत. त्या सर्व एकाच काळी वा एकाच ग्रंथातून उद्‌भवलेल्या नाहीत. गायीची पूज्यता प्राचीन आहे. तिची सर्वस्वी अवध्यता मात्र पुढे अनेक शतकांत दृढ होत गेली. हा भेद ध्यानात घेतल्यास ग्रंथांतील परस्परविरोधी वाटणाऱ्या वचनांचा उलगडा होतो.

ऋग्वेदकालीन समाजाचे मुख्य धन गाय हेच होते. युद्ध या अर्थाचा ‘गविष्टि’ हा शब्द मूळचा ‘गायींची इच्छा’ अशा अर्थाचा आहे. पणींनी दडवून ठेवलेल्या गायींचा शोध इंद्राची दूती सरमा घेते. उषेचे किरण, मेघांतील जल आणि वाणी यांनाही गायींचे रूपक लावले जाते. सहाव्या मंडलातील एक सूक्त (६·२८) गायींना उद्देशून आहे. आठव्या मंडलात (८·१०१) तिला रुद्रांची माता, वसूंची कन्या व आदित्यांची भगिनी म्हटले असून या निरपराध गायीला मारू नये, असे बजावले आहे. निघंटूत तिची नऊ नावे आहेत. त्यांपैकी ‘अघ्न्या’ याचा अर्थ ‘न मारण्याजोगी’ असा होतो.

असे असूनही विवाहप्रसंगी गायी मारल्या जात असल्याचा उल्लेख ऋग्वेदातच (१०·८५) आढळतो. गृह्यसूत्रांतील मधुपर्कविधीत सन्मान्य अतिथीपुढे गाय आणीत. तिला सोडून देण्यास सांगण्याची मुभा अतिथीला असे. पाणिनीने ‘गोघ्न’ हा शब्द अतिथी या अर्थी साधून दाखविला आहे. शतपथ ब्राह्मणात गाय व बैल यांचे मांस वर्ज्य करून, ती दोघे सर्वांचा भार वाहतात असे कारण दिले आहे. पण लगेच याज्ञवल्क्याचे त्याविरुद्ध मतही नोंदले आहे. निषेध आणि त्याला छेद देणारे मत असे एकाच जागी राहू शकले, यावरून त्या काळी हा प्रश्न निकाली निघाला नव्हता हे उघड होते. पां. वा. काणे यांनी या वचनांचा साकल्याने परामर्श घेतला आहे. आर्यसमाजी परंपरेस मात्र त्यांचा हिंसापर अर्थ मान्य नाही.

यज्ञीय हिंसेवर श्रमण संप्रदायांनी कठोर टीका केली. सुत्तनिपातातील ब्राह्मणधम्मिकसुत्तात गायी या माता, पिता, बंधू यांच्यासारख्या असून अन्न, बल व कांती देणाऱ्या आहेत, असे म्हटले आहे. शेतीचा विस्तार झाला, तसे बैलाचे मोल वाढले हेही एक कारण असावे. केवळ आर्थिक उपयुक्ततेने या श्रद्धेचा पूर्ण उलगडा होत नाही. कारण म्हैस दुधाला अधिक असूनही तिला हे स्थान मिळाले नाही.

महाभारतात गोमाहात्म्य पूर्ण विकसित झालेले दिसते. अनुशासनपर्वातील एका कथेत च्यवन ऋषी कोळ्यांच्या जाळ्यात सापडतात. त्यांचे योग्य मोल म्हणून नहुष राजा आपले राज्यही देऊ करतो. ऋषींना ते पुरेसे वाटत नाही. अखेर एक गाय दिल्यावर ते संतुष्ट होतात. वनपर्वातील सुरभीची कथा वेगळ्या भावाची आहे. नांगराला जुंपलेल्या आपल्या दुर्बळ पुत्राला मार बसताना पाहून ती रडते आणि सहस्रावधी पुत्र असता एकासाठी शोक का, असे इंद्राने विचारल्यावर, जो दुबळा त्याच्यावर माया अधिक, अशा आशयाचे उत्तर देते.

मनुस्मृतीत गोवधाची गणना महापातकांत नसून उपपातकांत आहे. प्रायश्चित्त मात्र तीन महिन्यांचे आहे. पातक्याने मुंडन करून, त्या गायीचे कातडे पांघरून गोठ्यात राहावे, दिवसा गायींमागून जाऊन त्यांच्या खुरांची धूळ प्राशन करावी, त्या उभ्या राहिल्या तर उभे राहावे, बसल्या तर बसावे. ऊन, पाऊस व थंडी यांपासून आधी गायीचे रक्षण करावे, मग स्वतःचे. ती कोणाच्या शेतात वा खळ्यात चरत असली, तरी तिची वाच्यता करू नये. शेवटी दहा गायी व एक बैल दान द्यावा. या विधानांत शिक्षेपेक्षा सेवेचे स्वरूप अधिक आहे. पुढे मधुपर्कातील गोवध कलिवर्ज्यांत गणला गेला व वैदिक वचने अबाधित ठेवून आचार बदलण्याची सोय झाली. इ. स. ४१२-१३ च्या सांची येथील लेखात दान मोडणाऱ्यास गोहत्या व ब्रह्महत्या यांचे पाप लागेल, असा शाप आहे.

गोदान हे श्रेष्ठ दान मानले गेले. ऐपत नसणाऱ्यासाठी तिळ, गूळ, तूप इत्यादींच्या प्रतीकात्मक ‘धेनू’ पुराणांनी सांगितल्या. दूध, दही, तूप, गोमूत्र व शेण यांचे पंचगव्य प्रायश्चित्तात घेतात. महाराष्ट्रात आश्विन वद्य द्वादशीस वसुबारस पाळतात. सायंकाळी सवत्स गायीची पूजा होते. त्या दिवशी व्रतस्थ स्त्रिया गायीचे दूध व त्याचे पदार्थ वर्ज्य करतात, म्हणजे ते वासरासाठीच राहते. बैलांचा पोळा हा सण याहून निराळा, कृषिजीवनाशी निगडित आहे.

आधुनिक काळात हा विषय सामाजिक व राजकीय झाला. दयानंद सरस्वतींनी ‘गोकरुणानिधि’ (१८८१) या पुस्तिकेत गायीच्या दुधाने किती माणसे तृप्त होतात याचा हिशेब मांडून उपयुक्ततेचा आधार घेतला. त्यानंतर गोरक्षिणी सभा स्थापन झाल्या; १८९३ मध्ये अनेक ठिकाणी दंगली उसळल्या. महात्मा गांधींना गोरक्षण प्रिय होते, पण त्यासाठी कोणावर बळजबरी करणे त्यांना मान्य नव्हते. वि. दा. सावरकरांनी गाय हा उपयुक्त पशू असून ती देवता नव्हे, असे स्पष्ट प्रतिपादन केले. संविधानाच्या ४८ व्या अनुच्छेदात गोवधबंदीचा निर्देश आहे. तो धार्मिक नव्हे, तर कृषी व पशुसंवर्धन यांच्या आधारावर ठेवलेला आहे. बिनउपयोगी बैलांच्या कत्तलीवर सरसकट बंदी घालणे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये अमान्य केले होते. २००५ मध्ये ती भूमिका बदलली. महाराष्ट्राच्या १९७६ च्या पशुसंरक्षण अधिनियमाने गायीच्या कत्तलीस बंदी केली. २०१५ च्या दुरुस्तीने ती बैल व वळू यांनाही लागू झाली. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी वैध ठरविली, मात्र राज्याबाहेरून आणलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले.