जुन्या एनसीसी गणवेशाची ओळख

राष्ट्रीय छात्रसेना 1948 मध्ये उभी राहिली. जुन्या गणवेशात आधी कापडाचा रंग पाहावा: खाकी भूदलाचा, पांढरा नौदलाचा. भूदल विभागात बाहीवरच्या इंग्रजी व्ही आकाराच्या फितीवरून हुद्दा कळतो; एक लान्स कॉर्पोरलची, दोन कॉर्पोरलच्या, तीन सार्जंटच्या. काळ ठरवायला बिल्ल्यासारखा साक्षीदार नाही. ‘एकता और अनुशासन’ हे बोधवाक्य 1980 मध्ये स्वीकारले गेले, म्हणून ते असलेला बिल्ला त्याआधीचा नसतो. मात्र बिल्ले बदलून शिवले जात, त्यामुळे टाक्यांचा दोरा आणि खालच्या कापडाचा न विटलेला रंगही निरखावा. पदकांच्या रिबिनी डाव्या खिशावर असतात. सर्वांत मानाची छातीच्या मध्याकडे. जुना गणवेश धुऊ नये, विटलेपणातच पुरावा असतो.