फलकाचे रंग कसे निवडावेत?

मित्रांनो, चित्र काढताना आपण आवडेल तो रंग घेतो. पण फलक रंगवताना तसं चालत नाही. हे मी एका चुकीतून शिकलो. ती चूक आणि तिच्यावरून जे उमगलं ते सांगतो.

गेल्या वर्षी गावात डोळे तपासणीचं शिबिर होतं. शाळेच्या फाटकावर लावायचा फलक गुरुजींनी माझ्याकडे दिला. मी पांढऱ्या कार्डशीटवर पिवळ्या रंगाने अक्षरे काढली. तारीख पोपटी रंगात आणि कडेने गडद गुलाबी वेलबुट्टी! वर्गात सगळे म्हणाले, "लय भारी!" आजी चौथी शिकलेली आहे. तिला हौसेने दाखवायला नेलं, तर ती म्हणाली, "आरं बाळा, फुलं दिसत्यात. पण मधी कागद कोराच हाय की!"

शेजारचे तात्या रोज त्याच फाटकावरून जातात. त्यांनाही फुलं दिसली, तारीख दिसली नाही. शिबिर होऊन गेल्यावर त्यांना कळलं. ज्यांच्यासाठी फलक होता, त्यांनाच तो वाचता आला नाही. मला फार वाईट वाटलं.

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी मला फलकापासून वीस पावलं लांब उभं केलं आणि म्हणाले, "आता डोळे किलकिले करून बघ." बघतो तर अक्षरं गायब! मग त्यांनी कारण सांगितलं. पिवळा रंग कितीही झळझळीत असला तरी तो उजळ, म्हणजे पांढऱ्याच्या जवळचा. म्हणून तो पांढऱ्यावर बुडतो. मोतीबिंदू झालेल्या माणसाला तर आधीच सगळं धूसर आणि पिवळसर दिसतं. पण तोच पिवळा खाली घेऊन वर काळी अक्षरं लिहिली की लांबून वाचता येतात. रेल्वे स्टेशनच्या नावाची पाटी आठवा.

मला वाटलं, मग विरुद्ध रंग घेतले की झालं! न्यूटन या शास्त्रज्ञाने १७०४ साली आपल्या ग्रंथात रंग गोलाकार मांडून दाखवले. चित्रकलेच्या रंगचक्रात लालासमोर हिरवा, निळ्यासमोर नारिंगी आणि पिवळ्यासमोर जांभळा येतो. समोरासमोरचे रंग एकमेकांना उठाव देतात. हिरव्या पानांत पिकलेली लाल मिरची लगेच दिसते ना, तसंच.

म्हणून मी हिरव्या कागदावर लाल अक्षरं लिहिली. पण वाचताना डोळ्यांपुढे नुसती थरथर! कारण दोन्ही रंग सारखेच गडद होते. शिवाय काही माणसांना जन्मापासूनच लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही. तेव्हा पटलं की अक्षरांसाठी आधी गडद-फिका हा फरक पाहायचा, रंग नंतर.

आता मी हे नियम पाळतो :

१) कागद उजळ असेल तर अक्षरं गडद आणि कागद गडद असेल तर अक्षरं उजळ. काळ्या फळ्यावर पांढरा खडू उगीच नसतो!

२) रंग तीनच. एक कागदाचा, एक अक्षरांचा आणि तिसरा फक्त महत्त्वाच्या शब्दासाठी. सगळंच रंगीत केलं तर नजर कुठंच ठरत नाही.

३) फिके रंग वेलबुट्टीला ठेवावेत, अक्षरांना नकोत.

४) फलक लावण्याआधी वीस पावलांवरून पाहावा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाचायला सांगावा.

यंदाच्या शिबिराचा फलकही मीच केला. पांढऱ्यावर गडद निळी अक्षरं, तारीख तेवढी लाल. तात्या फाटकाशी थांबले आणि त्यांनी तारीख मोठ्याने वाचली. ती ऐकून मला जो आनंद झाला, तो "लय भारी" ऐकूनही झाला नव्हता.

पालकहो, हा लेखही गडद निळ्या शाईने लिहिला आहे. वाचता येत नसेल तर मला हाक मारा. चूक तुमच्या डोळ्यांची नसेल, माझ्या रंगाची असेल!

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी