केकमधला 'ए' आणि रोडमधला 'ओ'

तुम्ही 'केक' म्हणालात की इथे वाढलेली तुमची मुलं हसतात का? 'रोड', 'गेट', 'कोट', 'प्लेट' यांचीही तीच गत. त्यांच्या कानांना आपला उच्चार 'देशी' वाटतो. पण हीच मुलं शाळेत स्पॅनिश घेतात, तेव्हा शिक्षक त्यांच्याकडून जो स्वर घोटून घेतात, तो आपल्या 'देशी' स्वराच्या अगदी जवळचा असतो!

हे कसं, ते बघू. बहुतेक अमेरिकन माणसं 'केक'मधला स्वर 'ए'वर सुरू करतात आणि 'इ'कडे नेऊन सोडतात : 'केइक'. तसंच 'रोड'चं 'रोउड' होतं. एका स्वरातून दुसऱ्यात सरकणाऱ्या अशा स्वराला संयुक्त स्वर म्हणतात. मराठीत हे शब्द आले तेव्हा आपण त्यांचं शेपूट कापून टाकलं आणि सरळ 'ए' आणि 'ओ' ठेवले. स्पॅनिशमधले 'ए' आणि 'ओ' असेच सरळ असतात.

आरसा घेऊन एक प्रयोग करा. मुलांना इंग्रजी 'नो' म्हणायला सांगा. शेवटी ओठ आणखी गोल होत मिटत येतील. आता तुम्ही 'लोणी' म्हणा. 'लो' संपेपर्यंत ओठ जागचे हलत नाहीत.

तोंडात जीभ आणि ओठ कुठे आहेत त्यानुसार आवाजातल्या काही कंप्रता जोरकस होतात. त्यांना फॉर्मंट म्हणतात. स्वर ओळखायला पहिले दोन फॉर्मंट सर्वांत महत्त्वाचे. बेल लॅब्जमधल्या पीटरसन आणि बार्नी यांनी १९५२ साली ७६ जणांचे इंग्रजी स्वर मोजून त्यांचा नकाशाच मांडला होता. जबडा उघडला की पहिला फॉर्मंट चढतो, जीभ पुढे गेली की दुसरा. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं 'प्रात' नावाचं मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घ्या आणि दोघांचा 'केक' ध्वनिमुद्रित करा. तुमच्या 'ए'च्या पट्ट्या बऱ्यापैकी आडव्या दिसतील, मुलांच्या तिरक्या.

एवढ्याशा शेपटाने काय बिघडतं? स्पॅनिशमध्ये 'पेना' म्हणजे दुःख आणि 'पेइना' म्हणजे 'केस विंचरतो' किंवा 'विंचरते'. 'रेनो' हा रेनडिअर, तर 'रेइनो' म्हणजे राज्य. शेपूट लावलं की शब्दच बदलतो.

दुसरी अडचण इंग्रजीच्या आणखी एका सवयीची. इंग्रजीत आघात नसलेला स्वर बहुधा पुसट 'अ' होतो. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच आहेत, पण प्रत्येक जण आघात असो वा नसो, आपला रंग राखतो. 'पासो' म्हणजे पाऊल, 'पेसो' वजन, 'पिसो' मजला, 'पोसो' गाळ आणि 'पुसो' म्हणजे 'ठेवलं'. शब्दाच्या शेवटचा स्वर तर व्याकरणच सांभाळतो. 'निन्यो' मुलगा, 'निन्या' मुलगी. 'आब्लो' म्हणजे मी बोलतो, 'आब्ला' म्हणजे तो बोलतो. शेवट पुसट केला तर कोण बोलतंय तेच कळणार नाही. आपल्या 'बोलतो' आणि 'बोलते' यांमध्येही भार शेवटच्या स्वरावरच असतो, म्हणून मराठी कानाला हे लगेच पटतं.

मात्र आपण तयार स्पॅनिश बोलणारे आहोत असं समजू नका. आपल्याही तीन खोडी आहेत. पहिली खोड म्हणजे आपला 'अ'. स्पॅनिशमध्ये तो नाहीच. आपला 'बटाटा' 'अ'ने सुरू होतो, पण स्पॅनिशमध्ये रताळ्याला म्हणतात 'बाताता', तिन्ही 'आ' एकाच जातीचे. 'पापाया'चंही तसंच. दुसरी खोड लांबवण्याची. 'आ', 'ए', 'ओ' आपण ऐसपैस म्हणतो, स्पॅनिशमध्ये ते आटोपशीर असतात. तिसरी खोड आपल्या लक्षातही येत नाही. बोलताना आपण 'एक'चं 'येक' आणि 'ओठ'चं 'वोठ' करतो. तीच सवय स्पॅनिशमध्ये गेली की 'हा' या अर्थाच्या 'एस्ते'चं 'येस्ते' होतं आणि नमस्काराच्या 'ओला'चं 'वोला'.

अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे लोक ४ कोटींहून जास्त आहेत. आपण राहतो त्या कित्येक गावांची नावंही स्पॅनिश आहेत. 'कोलोरादो' एकदा तीनही 'ओ' सारखे ठेवून म्हणून बघा.

आज रात्री जेवताना मुलांना 'पेरू' म्हणायला सांगा, आपल्या फळाचं नाव. मग आघात शेवटच्या 'रू'वर द्यायला सांगा. दक्षिण अमेरिकेतल्या त्या देशाचं नाव तिथले लोक जवळजवळ असंच उच्चारतात. स्पॅनिशच्या गृहपाठात आई-बाबांची मदत होणार नाही असं मुलांना वाटत असेल, तर त्यांना पुन्हा एकदा 'केक' म्हणून दाखवा.