पावसाला हद्द नसते
वसई-विरारच्या पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र. डोंगरावरचा पाऊस मधल्या सखल पट्ट्यातूनच खाडीला जातो. चार नगरपरिषदा आणि गावे मिळून २००९ मध्ये महापालिका झाली. हद्द वाढली, दृष्टी मात्र भूखंडाएवढीच राहिली. एका शेतातला भराव क्षुल्लक दिसतो, म्हणून खपून जातो. अशा भरावांची बेरीज जुलै २०१८ मध्ये पावसाने मांडली. वस्त्या बुडाल्या, लोकल थांबल्या. तहान लागली तेव्हा मात्र आम्हा वसईकरांची नजर थेट शेतीसाठी उभारलेल्या सूर्या प्रकल्पापर्यंत पोहोचली. पाणी आणताना अख्खा जिल्हा दिसतो, मग वाट देताना कुंपणच का दिसावे? मला वाटते, भरावाला परवानगी देण्याआधी डोंगरापासून खाडीपर्यंतचा नकाशा टेबलावर हवा.