ड्रोन आला, स्कॅनर आला. पण कागद वाचणार कोण?

दहावीचा निकाल लागला की गावोगाव एकच प्रश्न कानावर येतो, ‘पोराला सायन्सला घातलं का?’ चांगले मार्क पडूनही पोरगं आर्ट्सला गेलं, तर घरावर सुतकी कळा येते. डॉक्टर, इंजिनिअर, कृषी पदवीधर हवेतच, याबद्दल वाद नाही. माती परीक्षण, ठिबक, सुधारित बियाणे हे विज्ञानाचेच देणे आहे. परंतु ‘इतिहास अन् भाषा शिकून काय उपेग?’ असे जे सर्रास बोलले जाते, त्याचे उत्तर शेतकऱ्याच्या स्वतःच्या ट्रंकेत, जुन्या कागदांत पडलेले आहे.

२०२३ सालचा धडा

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. जुन्या दप्तरांतील कुणबी नोंदी शोधण्याचे हे काम आधी मराठवाड्यापुरते होते, पुढे ते राज्यभर झाले. त्या मागणीच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलणे हा येथे विषय नाही. मुद्दा वेगळाच आहे. तहसील कचेऱ्यांतील कपाटे उघडली, गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची कोतवाल बुके बाहेर आली, पाहणीपत्रके, खासरापत्रके निघाली. यंत्रे होती, संगणक होते, माणसेही होती. पण बरेच कागद मोडीत, निजामाच्या मुलखातले कितीतरी उर्दूत. मग जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. ज्या विद्येला आपण ‘बिनकामाची’ म्हणत होतो, तिच्यावाचून सरकारचेच काम अडले.

अक्षर कळले म्हणजे कागद कळला असे नाही

मोडी ही हात न उचलता भरभर लिहायची लिपी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती आपल्या रोजच्या व्यवहारात होती. तिच्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, आणि नेहमीचे शब्द तोडून आखूड लिहितात. म्हणजे शब्द कुठे संपला हेसुद्धा वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते.

शिवाय शब्दांचे अर्थ बदललेले. जुन्या कागदात एका नावापुढे ‘बिन’ आणि मग दुसरे नाव येते. तिथे ‘बिन’ म्हणजे ‘शिवाय’ नव्हे, ‘चा मुलगा’. मिरासदार म्हणजे जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेला, तर उपरी म्हणजे कराराने कसणारा. हा फरक कळला नाही तर पणज्याचा हक्कच उलटा वाचला जाईल. मापे तर आणखी वेगळी: २० काठ्यांचा एक पांड, २० पांडांचा एक बिघा, १२० बिघ्यांचा एक चावर. सन फसली असेल तर साधारण ५९० मिळवावे, तेव्हा इसवी सन निघते. हे समजायला अक्षरओळख पुरत नाही. त्या काळची महसुलाची रीत, गावगाडा, भाषा यांचा अभ्यास लागतो. त्यालाच कॉलेजात ‘आर्ट्स’ म्हणतात.

ड्रोन काय सांगतो, काय नाही

स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू झाली. काम चांगले आहे. गल्लीबोळ, घर, पडवी, मोकळी जागा नकाशावर स्वच्छ दिसते. पण ड्रोनला दिसते ती आजची भिंत. ती भिंत तिथे का आली, वाट कुणाची होती, वाटणी कधी झाली, हे आकाशातून दिसत नाही. बांधाच्या भांडणात अडते ते नेमके इथेच. मोजणी बरोबर असते, तरी दोन्ही भाऊबंद म्हणतात, ‘आमचं कागद बघा.’

गावोगाव फिरलेला माणूस

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, घरोघरची दप्तरे धुंडाळून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात त्यांचाच पुढाकार होता. धुळ्याचे संशोधन मंडळ त्यांच्याच नावाने उभे आहे. त्यांच्या हाती न लागलेले कागद आजही वाड्यांच्या माळ्यावर, देवळीत, पेटीत असतील. दर पावसाळ्यात त्यांतले काही कसरीच्या आणि वाळवीच्या पोटात जातात.

आपण काय करावे?

जुने कागद रद्दीत घालू नका. त्यांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. कोरड्या सुती रुमालात बांधा आणि उजेडात सरळ फोटो काढून ठेवा. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी कार्यालयातील जीर्ण नोंदवह्या ओल धरणाऱ्या भिंतीपासून दूर हलवाव्यात. शासनाचा पुराभिलेख विभाग मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतो. गावातल्या एखाद्या हुशार मुलीला किंवा मुलाला ग्रामपंचायतीने त्या वर्गाला पाठवले, तर त्याचा उपयोग साऱ्या गावाला होईल.

आणि येत्या जूनमध्ये एखादी पोरगी ‘मला इतिहास घ्यायचाय’ म्हणाली, तर तिला रागे भरू नका. आधी घरातल्या पेटीचे कुलूप काढून तिच्यासमोर ठेवा.