विश्लेषण : युरोपात नवे छोटे विमान घेतले, पण ते ‘कोणत्या देशाचे’? नोंदणी, कर आणि जोखमीचा हिशेब

व्हिएन्नाच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर व्हीनर नॉयश्टाट येथे डायमंड कंपनीचा विमान कारखाना आहे. तिचे ‘डीए-४०’ हे चार आसनी, एका इंजिनाचे विमान युरोपातील हौशी वैमानिकांच्या पसंतीचे. आपल्याकडेही ते अनोळखी नाही. गोंदियाच्या बिरसी धावपट्टीवर प्रशिक्षणार्थींनी ते उडवले आहे. असे नवे विमान खासगी वापरासाठी युरोपात घ्यायचे तर रंग आणि आसनांपेक्षा महत्त्वाचे असतात ते तीन प्रश्न : नोंदणी कोणत्या देशात, कर कोणत्या देशात आणि पैसे भरल्यावर विमान नक्की कधी आपले होते?

नोंदणी मोटारीसारखीच असते का?

वरवर पाहता तशीच. पण मोटारीला राष्ट्रीयत्व नसते, विमानाला असते. १९४४ च्या शिकागो करारानुसार विमान ज्या देशात नोंदले जाते त्या देशाचे ठरते आणि एकाच वेळी दोन देशांत त्याची नोंदणी वैध राहत नाही. म्हणून भारतीय विमानांवर ‘व्हीटी’, जर्मन विमानांवर ‘डी’, फ्रेंचांवर ‘एफ’, तर ऑस्ट्रियाच्या विमानांवर ‘ओई’ ही अक्षरे दिसतात.

युरोपात गोंधळ होतो तो सीमा एकमेकींशी जुळत नाहीत म्हणून. विमानाच्या प्रारूपाला मान्यता देते ती ‘इआसा’, म्हणजे जर्मनीतील कलोन येथील युरोपीय हवाई सुरक्षा संस्था. तिचे नियम ३१ देशांत चालतात. त्यात स्वित्झर्लंड आणि नॉर्वेही आले. कराच्या दृष्टीने मात्र युरोपीय महासंघ २७ देशांचा. आणि ‘युरोपीय’ असे नोंदणीपुस्तक अस्तित्वातच नाही, ते प्रत्येक देशाचे स्वतंत्र. जर्मनीत हे काम ब्राउनश्वाइग येथील संघीय हवाई कार्यालय करते. तेथे अक्षरांवरूनच विमानाचा प्रकार कळतो. दोन टनांपर्यंतच्या एक-इंजिनी विमानाला ‘डी-ई’, त्याच वजनगटातील दोन-इंजिनी विमानाला ‘डी-जी’. जाणकार धावपट्टीच्या कुंपणाबाहेरूनही ओळखतो.

ही अक्षरे आधीच ठरवून राखून ठेवावी लागतात. कारण ती फक्त शेपटीजवळ रंगवायची नसतात. रडारला उत्तर देणाऱ्या ट्रान्सपाँडरचा २४ बिटांचा पत्ता नोंदणी करणारा देशच देतो आणि अपघात झाल्यास संदेश पाठवणाऱ्या बीकनची नोंदही त्याच विमानाच्या नावे करावी लागते. ऐनवेळी देश बदलला तर रंगाऱ्याबरोबर तंत्रज्ञालाही पुन्हा बोलवावे लागते.

कारखान्यातून निघताना कोणते कागद लागतात?

विमान मान्यताप्राप्त आराखड्याप्रमाणेच बांधले आहे, असे उत्पादक लिहून देतो. युरोपात हा कागद ‘फॉर्म ५२’ म्हणून ओळखला जातो आणि पुढची सारी साखळी त्यावर उभी राहते. तो पाहून नोंदणी करणारा देश उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र देतो. सोबत आवाजाचे प्रमाणपत्र, रेडिओ परवाना आणि उड्डाणयोग्यतेचा वार्षिक आढावा. नोंदणी नाही तर उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र नाही आणि ते नसेल तर विमान घरी उडवत नेता येत नाही. अशा अडचणीत तात्पुरता उड्डाण परवाना घेण्याची सोय आहे. अमेरिकेत बनलेले विमान असेल, तर तेथील निर्यात प्रमाणपत्रही लागते.

विम्याशिवाय तर चाक हलत नाही. युरोपीय महासंघाच्या २००४ च्या नियमानुसार तिसऱ्या पक्षाचा विमा विमानाच्या वजनावर ठरतो. १,००० ते २,७०० किलो या गटात तो किमान ३० लाख ‘एसडीआर’ इतका हवा. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक.

कर कोठे भरायचा?

खरेदीदाराच्या खिशाला सर्वाधिक फरक पडतो तो येथे आणि तो पडतो एका आकड्यामुळे. युरोपीय महासंघाच्या मूल्यवर्धित कराच्या कायद्यात ‘नवे वाहन’ अशी स्वतंत्र व्याख्या आहे. कमाल उड्डाण वजन १,५५० किलोपेक्षा जास्त असेल आणि विमान वापरात येऊन तीन महिने उलटले नसतील किंवा ते ४० तासांहून अधिक उडाले नसेल, तर ते कायद्याने ‘नवे’. अशा विमानावर विक्रेत्याच्या देशात कर लागत नाही, खरेदीदाराने तो आपल्या देशात भरायचा.

आता गंमत पाहा. डीए-४० च्या ‘एनजी’ आवृत्तीचे कमाल वजन १,३१० किलो. म्हणजे कारखान्यातून कोरे करकरीत निघालेले विमान कराच्या भाषेत ‘नवे वाहन’ नाही! हंगेरीतील हौशी वैमानिकाने ते स्वतः व्हीनर नॉयश्टाटला जाऊन ताब्यात घेतले, तर ऑस्ट्रियाचा २० टक्के कर लागतो. त्याच कारखान्याचे दोन-इंजिनी डीए-४२ घेतले, तर वजन १,५५० किलोच्या वर जाते आणि हंगेरीचा २७ टक्के कर भरावा लागतो. पाच लाख युरोंच्या किमतीवर सात टक्क्यांचा फरक म्हणजे ३५ हजार युरो. अमेरिकी सिरस कंपनीचे एक-इंजिनी ‘एसआर-२२’ही १,६३३ किलोंमुळे ‘नवे वाहन’ ठरते.

मात्र हलके विमान विक्रेत्याने स्वतःच्या जबाबदारीवर खरेदीदाराच्या देशात पोहोचवले, तर ती दूरस्थ विक्री मानली जाऊन कर पुन्हा खरेदीदाराच्या देशाचा लागू शकतो. त्यामुळे ‘विमान कोठे सोपवले’ हे करारातले वाक्य दिसते तितके साधे नसते. कर भरल्याच्या बिलाची प्रत जपून ठेवावी लागते. सीमाशुल्क अधिकारी अनेक वर्षांनंतरही ती मागू शकतात. ब्रेक्झिटनंतर ब्रिटन या व्यवस्थेबाहेर आहे. तेथे विमान नेणे म्हणजे सरळ आयात.

मग अनेक विमानांवर अमेरिकी ‘एन’ का दिसतो?

युरोपातील लहान धावपट्ट्यांवरही ‘एन’ने सुरू होणारी विमाने आढळतात. परकी नागरिकाला अमेरिकेत थेट नोंदणी करता येत नाही, म्हणून कागदोपत्री मालकी तेथील न्यासाकडे ठेवली जाते. हा खटाटोप मुख्यतः दोन गोष्टींसाठी चाले. ढगांतून केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचे अमेरिकी मानांकन खासगी वैमानिकाला मिळवणे सोपे होते आणि देखभालीची कागदपत्रे कमी होती.

दोन्ही कारणे आता क्षीण झाली आहेत. युरोपात राहणाऱ्या वैमानिकाला विमान ‘एन’ असले तरी युरोपीय परवाना लागतो. शिवाय मार्च २०२० पासून लागू झालेल्या सुटसुटीत नियमांनुसार हलक्या विमानाचा देखभाल कार्यक्रम मालक स्वतःच्या जबाबदारीवर जाहीर करू शकतो. जुने ‘एन’ विमान असणाऱ्यांचे ठीक. नवे घेणाऱ्याने न्यासाचे वार्षिक शुल्क भरत राहण्यात फारसा अर्थ नाही.

धोका कोणत्या टप्प्यावर?

मागणी नोंदवल्यापासून विमान मिळेपर्यंतच्या काळात. रक्कम हप्त्यांनी जाते, पण विमान अजून कारखान्याचे असते. नाव नोंदणीपुस्तकात आले म्हणजे मालकी सिद्ध झाली, असेही नाही. ब्रिटन व अमेरिकेच्या यंत्रणा तसे स्पष्टच सांगतात. विमानांवरील कर्जबोजांची आंतरराष्ट्रीय नोंद ठेवणारा केपटाऊन करार वैमानिकांसह किमान आठ जण नेणाऱ्या विमानांपासून सुरू होतो, चार आसनी विमान त्यात बसतच नाही. जर्मनीत असे बोजे ब्राउनश्वाइगच्या न्यायालयातील वेगळ्या नोंदवहीत पाहावे लागतात.

केवळ विमान कंपनी भक्कम असूनही भागत नाही. डायमंडची डिझेल विमाने सुरुवातीला जर्मनीतील टीलर्ट कंपनीच्या इंजिनांवर उडत. एप्रिल २००८ मध्ये टीलर्टने दिवाळखोरी जाहीर केली. प्रशासकाने इंजिनांची जुनी हमी मानली नाही आणि सुट्या भागांचा खर्च मालकांवर आला. गिअरबॉक्ससारखे भाग ठरावीक तासांनी काढावेच लागत असल्याने थांबायचीही सोय नव्हती. डायमंडच्या ऑस्ट्रो या भगिनी कंपनीच्या इंजिनाला २००९ मध्ये मान्यता मिळाली. आजच्या डीए-४० एनजीत तेच १६८ अश्वशक्तीचे, जेट इंधनावर चालणारे इंजिन असते.

म्हणूनच सही करण्यापूर्वी करारात पाहायच्या त्या अशा बाबी : आगाऊ रकमेला बँकेची हमी आहे का, मालकी कोणत्या तारखेला व कोणत्या देशात हस्तांतरित होते, विमानाचा आणि इंजिनाचा अनुक्रमांक नमूद आहे का आणि इंजिनाची हमी नेमकी कोणती कंपनी देते.